कोड कॉन्ट्रॅक्ट्स आणि बिल्ड सर्व्हर : या चुका टाळा

पुण्यात हिंजवडी आणि खराडी येथील ज्या जुन्या डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमिंग मंच) प्रकल्पांवर मी काम केले, त्यांतील अनेकांमध्ये कोड कॉन्ट्रॅक्ट्स वापरलेले होते. 2010 मध्ये डॉट नेट 4 बरोबर आलेल्या या सोयीमुळे मेथडच्या (कोडमधील एका कामाच्या तुकड्याच्या) पूर्वअटी, ती संपताना पाळायच्या उत्तरअटी आणि ऑब्जेक्टने सदैव पाळायच्या अटी कोडमध्येच लिहिता येतात आणि बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, स्टॅटिक चेकरकडून (प्रोग्रॅम न चालवता कोड तपासणाऱ्या साधनाकडून) त्या तपासून घेता येतात. अटी बहुतेक ठिकाणी नेटक्या लिहिलेल्या आढळल्या, परंतु त्या मोडल्यावर सर्वांच्या कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सर्व्हरवरचा बिल्ड थांबतो का, हे फार थोड्यांनी पाहिलेले होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तपासणी केवळ डीबग कॉन्फिगरेशनमध्ये (चुका शोधताना वापरायच्या सेटिंग्जच्या संचात) चालू करणे. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये आपण ज्या खुणा करतो, त्या त्या क्षणी निवडलेल्या कॉन्फिगरेशनपुरत्याच साठवल्या जातात. डेव्हलपर आपल्या यंत्रावर डीबगमध्ये काम करतो आणि सर्व्हर मात्र रिलीज, म्हणजे ग्राहकाला द्यायची आवृत्ती, बनवतो. 2014 मध्ये हिंजवडीतील एका कार्यालयात आमच्या व्याज-आकारणीच्या मॉड्यूलमध्ये ‘परत येणारी रक्कम ऋण नसावी’ अशी उत्तरअट स्पष्ट लिहिलेली होती. एका सहकाऱ्याने तारखांच्या वजाबाकीत बदल केला आणि चेकरला वेळ लागतो म्हणून आपल्या यंत्रावर तो बंद ठेवला. सर्व्हरवर बिल्ड हिरवा, म्हणजे यशस्वी, झाला आणि गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ग्राहकाच्या लेखा विभागाला काही खात्यांवर ऋण व्याज दिसले. दोन रात्री आम्ही आकडेमोडीचा कोड चाळत होतो. ‘सर, पण बिल्ड तर हिरवा आहे ना’, असे वाक्य ऐकल्यावर मी सर्व्हरचा लॉग उघडला, तेव्हा त्यात चेकरची एकही ओळ नव्हती. रिलीजमध्ये कॉन्ट्रॅक्ट्स चालू असल्याचे कंपायलरला सांगणारे चिन्ह व्याख्यित नसल्यामुळे कंपायलरने ती उत्तरअटही गाळून टाकलेली होती, त्यामुळे प्रोग्रॅम चालतानादेखील ती कोणाला अडवू शकली नाही.

तेव्हापासून मी या सेटिंग्ज प्रत्येक प्रोजेक्टमध्ये न ठेवता सर्व प्रोजेक्ट्सना जोडलेल्या एकाच सामाईक फाइलमध्ये ठेवतो. त्याशिवाय अट जाणूनबुजून मोडणारा एक छोटा प्रोजेक्ट सर्व्हरवर वेगळा बनवतो. तो बिल्ड अयशस्वी झाला नाही, तर पुढचे काहीही बाहेर जात नाही. बिल्डचे यंत्र बदलले की सर्वप्रथम हाच प्रोजेक्ट चालवतो.

चेकर बॅकग्राउंडमध्ये चालवण्याची खूण सर्व्हरवर कधीही ठेवू नये, कारण मग बिल्ड त्याच्या निकालाची वाट पाहत नाही. इशाऱ्यांवर बिल्ड अयशस्वी करण्याचा पर्यायही आठवणीने चालू करावा. सर्व्हरवर कॉन्ट्रॅक्ट्सची साधने बसवलेली नसतील, तर प्रोजेक्टमधील सेटिंग्जकडे निमूटपणे दुर्लक्ष होते.

दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण ती समजून-उमजून केली जाते. इशारा आला की उतावळे नवशिके कोडमध्ये ‘अझ्यूम’ची एक ओळ टाकतात. तिचा अर्थ ‘हे खरे आहे असे धरून चाल’ असा आहे. तिने काहीच सिद्ध होत नाही. कॉन्ट्रॅक्ट्स नसलेल्या बाहेरच्या लायब्ररीकडून येणाऱ्या मूल्यासाठी ती योग्य आहे, परंतु आपल्याच मेथडचा निकाल गृहीत धरणे म्हणजे तिची उत्तरअट लिहिण्याचा कंटाळा करणे होय. मी अशा प्रत्येक ओळीच्या वर, ती गोष्ट खरी असल्याची हमी कोण देतो, याची टीप मागतो. टीप लिहिता आली नाही, तर ती ओळ मी स्वीकारत नाही. जुन्या इशाऱ्यांची बेसलाइन फाइल (ज्यांतील इशारे पुन्हा दाखवायचे नाहीत अशी यादी) दर वेळी नव्याने बनवणे हाही याच जातीचा आडमार्ग आहे.

डॉट नेट 5 पासून पुढे ही साधने चालत नाहीत. तेथे मायक्रोसॉफ्टची शिफारस 2019 मध्ये सी शार्प 8 बरोबर आलेल्या नलेबल रेफरन्स टाइप्सची आहे. नलपुरती, म्हणजे मूल्यच नसलेल्या संदर्भांपुरती, तपासणी त्यांनी होते. ‘रक्कम ऋण नसावी’ यासारख्या अटीसाठी कोडमध्ये उघड तपासणी आणि चाचण्याच लिहाव्या लागतात. नलेबलचे इशारे त्रुटी मानण्याची सेटिंग मी त्याच सामाईक फाइलमध्ये ठेवतो आणि इशारा दाबण्यासाठी कोडमध्ये टाकलेल्या प्रत्येक उद्गारचिन्हाचे (‘हे नल नाही’ असे सांगणाऱ्या खुणेचे) कारण ‘अझ्यूम’प्रमाणेच लेखी मागतो.