येणारा फोन किंवा टॅबलेट: थांबायचं की आत्ताच घ्यायचं, कसं ठरवाल?

नवीन फोनच्या बातम्या सुरू झाल्या की हातातला चांगला चालणारा फोनही जुना वाटायला लागतो. म्हणून येणाऱ्या मॉडेलचं काहीही वाचायच्या आधी स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये जा, कुठलं ॲप किती बॅटरी खातंय, स्टोरेज किती भरलंय, दिवसभर आपण नक्की काय वापरतो हे बघा आणि खरंच त्रास देणाऱ्या दोन-तीन गोष्टी लिहून काढा. "संध्याकाळपर्यंत चार्जिंग टिकत नाही", "रात्री घरातले फोटो हललेले येतात", असं. "नवी चिप हवी" हे लिहू नका, तो त्रास नाहीच. आणि त्रास फक्त बॅटरीचा असेल तर आधी बॅटरी बदलून बघा, लिथियम बॅटरी वापराने उतरतेच, नवी टाकली की तोच फोन बऱ्याचदा अजून बराच काळ आरामात निघतो.

मग तारखा. आयफोनचं मुख्य लाँच बहुतेक सप्टेंबरमध्ये, सॅमसंगची गॅलेक्सी एस सिरीज वर्षाच्या सुरुवातीला, त्यांचे फोल्डेबल (घडी होणारे फोन) साधारण जुलै-ऑगस्टला, आणि गूगलचा पिक्सेल आधी ऑक्टोबरमध्ये यायचा तो २०२४ ला ऑगस्टमध्ये आला. टॅबलेटचं वेळापत्रक इतकं ठरलेलं नसतं. लाँच दीड-दोन महिन्यांवर असेल तर थांबा, नवीन घ्यायचा नसला तरी थांबा, कारण तो आला की आधीच्या मॉडेलची किंमत बऱ्याचदा खाली येते आणि माझ्या मते बहुतेकांनी तेच घ्यावं. लाँच सहा महिने लांब असेल आणि फोन आत्ता अडतोय तर घेऊन टाका, वाट बघत बसलात तर तोपर्यंत पुढच्याच्या बातम्या सुरू होतात.

लीक, म्हणजे लाँचआधीच फुटलेली माहिती, वाचताना सगळं एकाच तराजूत तोलू नका. आकार आणि कॅमेऱ्यांची जागा बऱ्याचदा बरोबर निघते, कव्हर बनवणाऱ्यांना ती मापं आधीच लागतात. सरकारी सर्टिफिकेशनच्या नोंदीत बॅटरी किंवा चार्जिंगचे आकडे दिसतात तेही बऱ्यापैकी भरवशाचे. पण किंमत आणि फोटो कसे येतील हे लाँचच्या आधी कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सोडून द्या, मेगापिक्सेलवरून फोटो कळत नाही, कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा आकार आणि सॉफ्टवेअर त्यात जास्त बघावं लागतं.

मापं मिळाली की एक काम नक्की करा, पुठ्ठा घ्या, तेवढ्या मिलिमीटरचा तुकडा कापा आणि खिशात घालून खाली बसून बघा, एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का तेही बघा. स्क्रीनवर वाचलेले इंच हातात वेगळेच लागतात!

टॅबलेटला तर हे अजून महत्त्वाचं, कारण तिथे नुसते इंच फसवतात. ११ इंचाचा टॅबलेट १६:१० आकाराचा (म्हणजे लांबी १६ भाग तर रुंदी १० भाग) असेल तर उभा धरल्यावर रुंदी साधारण १४८ मिमी मिळते आणि ४:३ असेल तर साधारण १६८ मिमी. ए४ कागद २१० मिमी रुंद असतो, म्हणजे तीच पीडीएफ स्क्रीनच्या रुंदीभर केली तर पहिल्यावर जेमतेम ७० टक्के आणि दुसऱ्यावर ८० टक्के आकारात दिसणार, अभ्यासाला किंवा नोट्सना हा फरक डोळ्यांना रोज जाणवतो. नुसते पिक्चर बघायचे असतील तर मात्र १६:१० च बरा. पेन सोबत येतो की वेगळा घ्यायचा, सिमवाला हवा का फक्त वायफायचा, हे किमतीत धरूनच तुलना करा. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, रस्त्यासाठी वापरणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

आता सगळ्यात कळकळीचं सांगणं, "लवकरच अपडेटने मिळेल" या फीचरसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. ॲपलने २०१७ ला एअरपॉवर चार्जर स्टेजवर दाखवला आणि २०१९ ला रद्दच केला. २०२४ ला दाखवलेली नवी सिरी (ॲपलची बोलून काम सांगायची सोय) पुढच्या वर्षी लांबणीवर पडली, तोपर्यंत लोकांनी फोन घेऊनही झाले होते. त्या दिवशी बॉक्समधून जे निघतं तेवढ्याचीच किंमत करा.

कंपनी किती वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देणार ते मात्र बघाच. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून या दोन सिरीजना सात वर्षांचं आश्वासन आहे, पण ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात घेताना तेवढी वजा करा.

प्री-ऑर्डरची घाई शक्यतो नकोच. २०१९ ला सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनचे, गॅलेक्सी फोल्डचे, स्क्रीन रिव्ह्यू करणाऱ्यांच्या हातात काही दिवसांतच बिघडले आणि एप्रिलची विक्री सप्टेंबरवर गेली. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, गरम होतो का, रेंज धरतो का हे वापरणारेच सांगतील. घेतल्यावर परत करायची मुदत किती ते विचारून ठेवा आणि त्या मुदतीतच स्वतःचं सिम, रोजची ॲप्स, बँकेचं ॲप, सगळं टाकून नीट वापरून घ्या, बॉक्स आणि बिल तोपर्यंत फेकू नका.