पांढरी कावीळ (हिपॅटायटिस बी): व्हायरल लोडचा आकडा वाचायचा कसा

एकाचा व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये व्हायरस किती ते) 12 कोटी आलाय म्हणून रात्रभर झोप नाही, आणि दुसरा 20 हजारवाला निवांत फिरतोय, पण यात जास्त काळजीचा कोण ते नुसत्या आकड्यावरून कळतच नाही. सोबत ई अँटिजेन (व्हायरसचं एक प्रोटीन, रक्तात सापडतं), एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी मरतायत का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं स्कॅन) लागतं.

आधी युनिट बघा. 1 आययू (आंतरराष्ट्रीय युनिट, इथले आकडे त्यातच आहेत) म्हणजे साधारण 5 ते 6 कॉपीज (व्हायरसच्या प्रती), त्यामुळे लॅब बदलली की लोड पाचपट वाढला असं उगाच वाटतं. आणि 2 हजारचे 3 हजार झाले तर त्यात काही नाही, शून्यं वाढली का ते बघायचं.

आता स्टेज, त्या चार. लिव्हरचं नुकसान व्हायरस स्वतः फारसं करत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती त्याला मारायला जाते आणि त्यात लिव्हरच्या पेशी मरतात, म्हणून एसजीपीटी वाढतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्यांच्यात शरीर बरीच वर्षं लक्षच देत नाही, लोड कोटींमध्ये आणि एसजीपीटी नॉर्मल, तो 12 कोटीवाला बहुतेक या पहिल्या स्टेजमधला. मग कधीतरी शरीर जागं होतं, एसजीपीटी चढतं, लोड हळूहळू उतरतो, लोक खूश होतात, पण नुकसान नेमकं याच काळात होत असतं! पुढे ई अँटिजेन निगेटिव्ह, लोड 2 हजारच्या खाली, एसजीपीटी नॉर्मल, ही झोपलेली स्टेज. चौथी फसवी. ई निगेटिव्हच, पण लोड 2 हजारच्या वर आणि एसजीपीटी कधी वर कधी खाली, त्यामुळे एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका, दर 3 ते 6 महिन्यांचे आकडे तारखेसकट एका वहीत लिहा.

लोड 2 हजारच्या वर आणि एसजीपीटीही वाढलेलं असेल तर डॉक्टर गोळीचा विचार करतात, सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) असेल तर लोड थोडा असला तरी देतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, 2018 मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. लोड 'नॉट डिटेक्टेड' आला म्हणून गोळी मनानं बंद करू नका हां, व्हायरस पेशीच्या केंद्रकात लपून असतो आणि उसळला की लिव्हर फेल होऊ शकतं. कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालायला गेलात तरी गोळी चालू ठेवा.

गरोदर बाईचा लोड 2 लाखाच्या वर असेल तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला 24 तासांच्या आत लस.