पट्ट्यातल्या फटी आणि माझे वाया गेलेले चार दिवस

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी मंगळ आणि गुरू यांच्या मधला लघुग्रहांचा पट्टा घेतला, कारण कृष्णविवरं आधीच वाटली गेली होती. आता दर वर्षी कुणीतरी ज्युनिअर विचारतं, "ताई, या विषयाला हात कुठून घालू?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

पट्ट्याच्या जन्मकथेपासून सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. नीस मॉडेल, ग्रँड टॅक (दोन्ही मोठे ग्रह सुरुवातीला कसे सरकले ते सांगणारी), गुरू आधी आत सरकला, मग शनीमुळे मागे फिरला, वगैरे. वाचताना सगळं पटायचं आणि दुसऱ्या दिवशी चार वाक्यं धड सांगता यायची नाहीत. ही मॉडेलं ज्याचं कोडं सोडवतात ते कोडंच मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा आधी डेटा उतरवा. जेपीएलचा (नासाची एक प्रयोगशाळा) स्मॉल-बॉडी डेटाबेस फुकट आहे. प्रत्येक लघुग्रहाचे तीन आकडे घ्या: सेमी-मेजर ॲक्सिस (कक्षेच्या सगळ्यात लांब व्यासाचा अर्धा भाग, म्हणजे कक्षेचं माप; मराठीत अर्धदीर्घ अक्ष, पण लॅबमध्ये असं कुणी म्हणत नाही), उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते) आणि कक्षेचा कल (ती किती तिरकी आहे ते). एक्सेलच्या भरवशावर राहू नका. त्यात १०,४८,५७६ च्या पुढे ओळी मावत नाहीत आणि अख्खी यादी त्याहून मोठी आहे. पायथन येत नसेल तर याच निमित्ताने शिका.

आता माझी फजिती. पट्ट्यात 'कर्कवुड फटी', म्हणजे जवळजवळ रिकामे भाग, असतात हे वाचलं होतं, म्हणून मी एका दिवशीची सगळ्या लघुग्रहांची जागा काढली आणि सूर्याभोवती ठिपके मांडले. मेदूवड्यासारखं गुबगुबीत कडं आलं, फट एकही नाही. चार दिवस कोड तपासला, डेटा पुन्हा उतरवला, मित्राच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. शेवटी मॅडमकडे गेले. त्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अगं, एसटी आत्ता कुठे उभी आहे ते बघून तिचा रूट कळतो का?"

गोम तिथेच होती. फटी आकाशातल्या जागेत नसतात, कक्षांच्या मापात असतात. कक्षा लंबगोल असल्यामुळे प्रत्येक लघुग्रह कधी आत येतो, कधी बाहेर जातो, आणि जाता-येता त्या जागा भरून टाकतो. मी जागेऐवजी सेमी-मेजर ॲक्सिसचा हिस्टोग्राम काढला, खाने ०.००५ खगोलीय एककाचे (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) ठेवले, आणि २.५० पाशी दात पडल्यासारखी खिंड दिसली. २.८२ ला आणखी एक. ३.२७ ला पट्टा जवळजवळ संपतोच.

हे आकडे पाठ करू नका, काढून बघा. केप्लरचा तिसरा नियम घ्या: फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचं सूर्यापासूनचं अंतर ५.२. गुरूच्या एका फेरीत ज्याच्या तीन फेऱ्या होतात (म्हणजे ३:१) त्याचं अंतर काढायला ५.२ ला ३ च्या दोन-तृतीयांश घाताने भागा. २.५० येतात. ५:२ ला २.८२, २:१ ला ३.२७. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डॅनियल कर्कवुडने १८६६ मध्ये हे मांडलं तेव्हा शंभरसुद्धा लघुग्रह माहीत नव्हते! आपल्याकडे लाखो आहेत, आणि तरी मला चार दिवस लागले.

फट पडते कशी, तर अशा कक्षेत गुरूचा धक्का ठरावीक हिशोबाने पुन्हा पुन्हा बसतो. उत्केंद्रता वाढत जाते, कक्षा मंगळाची, मग पृथ्वीची वाट ओलांडते. ३:१ च्या फटीत हे गोंधळी, म्हणजे केऑटिक, पद्धतीने होतं हे जॅक विस्डमने १९८० च्या दशकात दाखवलं. शिवाय लहान दगड सूर्याच्या उष्णतेने हळूहळू सरकतात (यार्कोव्हस्की परिणाम) आणि या फटींत येऊन पडतात, त्यामुळे पृथ्वीजवळ येणाऱ्या दगडांचा पुरवठा आजही चालू आहे.

दुसरा आलेख अक्ष आणि कल यांचा. त्यात घोळके दिसतील. ती कुटुंबं, एकेका मोठ्या दगडाच्या ठिकऱ्या. जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामांनी १९१८ मध्ये ती ओळखली. इथे मात्र साधे आकडे न घेता 'प्रॉपर एलिमेंट्स' (ग्रहांच्या ओढीने होणारे तात्पुरते चढउतार वगळून काढलेले आकडे) घ्या, नाहीतर घोळके पुसट होतात.

एवढं झाल्यावरच उत्पत्तीकडे वळा. ग्रह फुटून पट्टा झाला ही ओल्बर्स या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची जुनी कल्पना अजून शाळेच्या भाषणांत ऐकू येते. सगळ्या पट्ट्याचं वस्तुमान चंद्राच्या जेमतेम ३ टक्के, त्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकट्या सेरेसचं, म्हणजे पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या गोळ्याचं. यातून कसला ग्रह! आणि माल एका घरचा नाहीच. नासाच्या डॉन यानाने पट्ट्यातल्या व्हेस्टा आणि सेरेस या दोघांनाही जवळून पाहिलं: व्हेस्टा एकेकाळी वितळून लोखंडी गाभा बनवून बसलेली, तर सेरेसमध्ये पाण्याचा बर्फ. आतल्या बाजूला खडकाळ एस प्रकार जास्त, बाहेर काळे कार्बनी सी प्रकारचे. गुरूने यांचे वेग इतके वाढवले की टकरीत दगड चिकटायच्या ऐवजी फुटू लागले. पट्टा आधी भरलेला होता आणि रिकामा झाला, की मुळातच जवळजवळ रिकामा होता आणि माल बाहेरून आला, यावर दोन तट आहेत. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण व्हायव्हात दोन्ही सांगा.

मला व्हायव्हात एक्स्टर्नलनी विचारलं, "भरलेला होता म्हणता, मग माल गेला कुठे?" मी म्हटलं, बराचसा सूर्यमालेबाहेर, काही सूर्यात, थोडा इथे. "इथे म्हणजे?" घाबरत लोणार म्हटलं, बेसाल्टमधलं १.८ किलोमीटरचं विवर. सर बुलढाण्याचे निघाले. पुढची दहा मिनिटं मला एकही प्रश्न आला नाही, तेच बोलत होते.