वडिलांची बंदूक नावावर करताना: आधी काडतुसं शोधा

बाबा गेले तेव्हा माजघरात खुंटीला दुनळी होती, बारा बोरची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरांसाठी घेतलेली, आणि बहुतेक वेळा माकडांना नुसती दाखवायला वापरलेली. परवाना बाबांच्या नावावर. म्हणजे ते गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता. सातबारा वारसाने नावावर होतो, तसा परवाना होत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुढचं वाचा.

पहिलं काम बंदूक जमा करणं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१: ताबा बेकायदेशीर झाला की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. तेराव्याची वाट बघू नका. मी बघितली, तीही चूकच, पण ती निभावली. आधी ठाण्यात फोन करा, कुणीतरी माहीतगार माणूस बोलवून बंदूक रिकामी आहे ना ते बघून घ्या, खोळीत घाला, दिवसाउजेडी न्या. आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) असेल तर हात लावू नका. काडतुशीची उघडून बघता येते, ठासणीची भरलेली आहे की नाही ते बाहेरून कळत नाही, आणि आमच्याकडे वीस-वीस वर्षं ठासून ठेवलेल्या निघाल्यात. पोलिसांनाच घरी बोलवा.

आणि काडतुसं. बंदुकीबरोबर काडतुसं जमा करा. मी नाही केली. बंदूक दिली, पावती घेतली, खिशात घालून चहा प्यायलो. तीन महिन्यांनी, बंदूक नावावर करायला मी केलेल्या अर्जाच्या चौकशीला हवालदार गावच्या घरी आले, बाबांच्या परवान्याचं पुस्तक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. विक्रेत्याचा शिक्का, २५ काडतुसं. "ही कुठायत?" मी गप्प. आतून आई अगदी सहज म्हणाली, "ती होय? कणगीच्या मागे आसत." पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून तिनेच बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवली होती. डब्यात ९ निघाली. मग शोधाशोध. बाबांच्या जुन्या रेनकोटच्या खिशात २, देवघराच्या खणात ३. एकूण १४ जिवंत काडतुसं, तीन महिने, परवाना नसलेल्या घरात. परवाना लागतो तो बंदुकीला आणि काडतुसांना, दोन्हींना. कलम ३ मध्ये दोन्ही शब्द आहेत. विनापरवाना सापडली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, ५ वर्षांपर्यंत कैद. माझं दोन तासांच्या जबाबावर भागलं, कारण ठाण्यात बाबांना ओळखत होते. तुमच्या बाबांना ओळखतीलच असं नाही.

म्हणून: परवान्याचं पुस्तक उघडा, शेवटच्या खरेदीची नोंद बघा, आकडा कागदावर लिहा, आणि मग घर उलथं करा. ट्रंका, कोटांचे खिसे, माळा, गोठा, शेतावरची माची. आईला विचारा. खरं तर आईलाच आधी विचारा. झोळ्या आणि पिशव्या उलट्या करून झटका. त्यातलीच एखादी घेऊन कुणी विमानतळावर गेला तर ते एकटं काडतूस मशीनमध्ये दिसणारच. फोडलेल्यांची रिकामी नळकांडीही गोळा करा, हिशोब लावायला उपयोगी पडतात. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या, दोन्ही लिहून घ्या. संख्या नसेल तर ठाण्यातून हलू नका.

पावतीवरची मुदतही वाचा. जमा केलेली बंदूक कायम तिथे राहत नाही. वेळेत परवाना काढला नाही किंवा विकली नाही तर सरकारजमा होते. दमट हवेत ती गंजतेही, म्हणून जमलं तर विक्रेत्याकडे भाडं भरून ठेवा. "गंजली, आता चालत नाही, मग परवाना कशाला" हे ज्ञान गावातला प्रत्येक जण देईल. दुरुस्त करून चालू शकत असेल तर कायद्याच्या लेखी ती बंदूकच. विहिरीत टाकायचा सल्लाही मिळेल. त्यावर काही लिहीत नाही.

मग कुणाच्या नावावर करायची ते घरात ठरवा. मी पुण्यात राहतो, म्हणजे माझा अर्ज पोलीस आयुक्तालयात. धाकटा गावात, त्याचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. डुकरं पुण्यात येत नाहीत. तरी मोठा म्हणून अर्ज मी केला, तो मागे घेतला, मग धाकट्याने केला. चार महिने फुकट. शेतावर जो राहतो त्यालाच द्या. त्याचं वय २१ पूर्ण हवं, आणि आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी वारसानेही मिळत नाही. मर्यादा पूर्वी तीनची होती, २०१९पासून दोनची.

बाकी सगळ्या वारसांची ना-हरकत लागते. सगळ्या म्हणजे लग्न झालेल्या बहिणीचीही. आमची ताई दुबईत. "व्हॉट्सॅपवर हो म्हणते की" हे चालत नाही, तिला तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही साक्षांकित करावी लागली. तिचं काम सगळ्यात आधी सुरू करा.

वडील हयात असतील तर हे सगळं आत्ताच करा. २०१६च्या शस्त्र नियमांत सोय आहे: परवानाधारकाला ७० वर्षं झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून, तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. बाबा ७४चे होते. मी विषय काढला असता तर "मला मारायला निघालास काय" म्हणाले असते, म्हणून काढला नाही. काढा. आणि तेव्हाच विचारून घ्या काडतुसं कुठे कुठे ठेवलीत, कारण नंतर विचारायला ते नसतात.

उरलेलं नेहमीचंच. मृत्यू दाखला, वारस दाखला, मूळ परवाना, आधार, पॅन, फोटो. शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला. हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. यासाठी जागा शोधावी लागते, लवकर लागा. बंदूक कुलपात ठेवीन असं हमीपत्र. पोलीस चौकशी. झेरॉक्स प्रत्येकी पाच, तरी एक कमी पडते. निवडणूक आली तर सगळं थांबतं. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. परवाना आला की त्यावरचा बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडा, परवान्यावर युनिक नंबर (UIN, म्हणजे ओळख क्रमांक) पडलाय का बघा. बंदूक परत घेताना काडतुसं मोजून घ्या.

धाकटा ती घेऊन घरी आला तेव्हा आई ओटीवरच बसली होती. बंदुकीकडे बघितलंसुद्धा नाही. "काडतुसां खंय ठेवतलंस?" म्हणाली. त्याने नव्या लोखंडी पेटीची किल्ली दाखवली. "माका नको दाखव," ती म्हणाली, "वहीत लिही."