लहान मुलांसह दोन दिवस समुद्रावर : कोल्हापूरहून निघण्यापूर्वीची आखणी

कोल्हापूरपासून कोकणचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, आणि अंतर एवढे कमी असल्यामुळेच लहान मुलांना घेऊन जाताना आपला बेत फसतो. पहाटे निघून दुपारपर्यंत गणपतीपुळे, संध्याकाळी आरे-वारे, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी आणि परतीच्या वाटेवर पावस अशी यादी मोठ्या माणसांना सहज जमते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ती झेपत नाही. आमचा मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही हेच केले होते. आंबा घाटात मुलीला दोनदा उलटी झाली, किनाऱ्यावर पोहोचायला बारा वाजले, वाळू इतकी तापली होती की दोघांनीही पाय खाली ठेवायला नकार दिला, आणि दोन दिवसांत मुले प्रत्यक्ष समुद्रात तासभरही खेळली नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत आम्ही एकच किनारा, दोन रात्रींचा मुक्काम आणि भरती-ओहोटी व मुलांची झोप यांवरून ठरवलेला दिवसाचा क्रम एवढेच पाळले आहे, आणि लहान मुले असलेल्या प्रत्येक घराला मी कळकळीने हेच सांगतो.

तारीख ठरवताना बहुतेक जण सुट्ट्या पाहतात. सुट्टी पाहावीच लागते, परंतु त्याच दिनदर्शिकेवर तिथीही पाहावी. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात ही वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच, आणि पहाटेची व दुपारची किंवा सकाळची व संध्याकाळची अशा दोन्ही भरत्यांना तो लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून पोहोचल्यावर जाळी विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारून वेळ पक्की करून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असते; पाणी उंच चढते, दूरवर उतरते आणि दोन्ही वेळी त्याला ओढ अधिक असते. अष्टमीच्या सुमारास मात्र भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी असतो आणि समुद्र तुलनेने सौम्य राहतो. त्यामुळे लहान मुलांसाठी मी षष्ठी ते दशमी हे दिवस निवडतो. या दिवसांत सकाळी आठनंतर बहुधा पाणी उतरत असते आणि दहापर्यंत खेळायला ओली, घट्ट वाळू मोकळी होते. संध्याकाळी मात्र पाणी कोरड्या वाळूच्या जवळ येते. तेव्हा पिशव्या, चपला आणि चटई सुरूच्या झाडांपाशी ठेवावी. पौर्णिमेच्या रात्रीचा समुद्र पाहण्यासारखा असतो यात शंका नाही, पण तो मुले थोडी मोठी झाल्यावर पाहता येतो.

ऋतूच्या बाबतीत फार विचार करण्याची गरज नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, मे महिना दमट उकाड्याचा, आणि मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत होड्या व पाण्यातले खेळ बंद असतात. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळावा.

किनारा निवडताना त्याचे नाव किती मोठे आहे हे न पाहता पाण्याखालची जमीन कशी आहे हे पाहावे. गणपतीपुळ्याचे मंदिर, डोंगराची प्रदक्षिणा आणि मोदक हे सारे मुलांना दाखवावे, परंतु तिथला किनारा थोड्याच अंतरात एकदम खोल होतो, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि तिथे बुडण्याच्या दुर्घटना वारंवार घडलेल्या आहेत. म्हणून तिथे दर्शन घ्यावे, वाळूत बसावे, मुलांना पाण्यात उतरवू नये. आरे-वारे रस्त्यावरून, वरच्या वळणावरून पाहावे. रत्नागिरीजवळचे भाट्ये लांबरुंद आणि चालायला छान आहे, मात्र काजळी नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकापासून दूर राहावे. तारकर्लीपुढच्या देवबागेत कर्ली नदीच्या संगमालाही हाच नियम लागू आहे. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी ज्या वेगाने समुद्राकडे धावते, त्यात मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. अगदी लहान मुलांसाठी माझी पहिली पसंती मालवणच्या चिवला किनाऱ्याला आहे. तिथला किनारा आतल्या बाजूला वळलेला आहे, समोरच्या खडकांवर लाटांचा जोर मोडतो आणि पाणी उथळ राहते. शहर जवळ असल्यामुळे औषधाचे दुकान आणि डॉक्टर हाताशी असतात, हेही मी मोजतो.

मालवणला जायला गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट आणि राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट असे मार्ग आहेत. रत्नागिरीच्या बाजूला जाणाऱ्यांनी मलकापूर, आंबा, साखरपा हा रत्नागिरी-नागपूर महामार्ग धरावा. दरडीमुळे किंवा रस्त्याच्या कामामुळे घाट बंद असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री निघण्याचा मोह होतो, तो आवरावा. राधानगरी अभयारण्याच्या पट्ट्यात रात्री गवे रस्त्यावर येतात, घाटात धुके उतरते, आणि अंधारात रडणाऱ्या मुलासाठी गाडी थांबवायला सुरक्षित जागा मिळत नाही. शनिवारी पहाटे फटफटताना निघावे. चार तासांचा रस्ता मुलांसह पाच-सव्वापाच तासांचा धरावा.

घाटात गाडी लागणे हा आपल्याकडच्या मुलांचा नेहमीचा त्रास आहे. निघताना पेलाभर दूध पाजण्याची सवय आजीपासून चालत आलेली असते, तरी त्या सकाळी दूध देऊ नये. त्यापेक्षा एखादी इडली, कोरडी पोळी किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा, आणि घाट सुरू होण्यापूर्वी पाऊण-एक तास काहीच देऊ नये. भडंगाची पिशवी मोठ्यांनीही घाट उतरल्यावरच उघडावी, कारण बंद गाडीतल्या लसणाच्या आणि तेलाच्या वासाने मुलांना मळमळते. मोबाइल काढून घ्यावा, काच थोडी खाली करावी, मुलाला समोरच्या रस्त्याकडे पाहायला सांगावे आणि चालवणाऱ्याने वळणावर वेग कमी ठेवावा. ज्याला नेहमीच गाडी लागते, त्याच्यासाठी डॉक्टरांकडून वयानुसार औषध लिहून घ्यावे आणि ते प्रवासाआधी सांगितलेल्या वेळेला द्यावे. झाकणाचा डबा, दोन टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड डिकीत न ठेवता पायाशी ठेवावा. गगनबावड्याला किंवा आंब्याला घाटाआधी पंधरा मिनिटे थांबून मुलांना चालवले की पुढचा उतार पुष्कळ सुसह्य होतो.

राहण्यासाठी घरगुती मुक्काम मुलांच्या दृष्टीने चांगला, कारण तिथे स्वयंपाकघरापर्यंत आपला शब्द पोहोचतो. खोली ठरवताना फोनवर काही प्रश्न स्पष्ट विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे का, अंगणात विहीर असल्यास तिला कठडा आणि जाळी आहे का, वीज गेल्यावर पंखा चालतो का, किनाऱ्यावर जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, आणि सकाळी साडेसातला मऊ भात किंवा पेज मिळेल का. विहिरीचा प्रश्न मी कधीही वगळत नाही. कोकणातल्या घराच्या परड्यात विहीर असतेच, आणि समुद्रावर डोळ्यांत तेल घालून राखण करणारे आईबाप अंगणात मात्र निश्चिंत होतात.

आता प्रत्यक्ष किनाऱ्यावरचा दिवस. सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते सूर्यास्त एवढेच दोन तुकडे समुद्रासाठी ठेवावेत; मधला वेळ जेवण, झोप आणि अंगणातला खेळ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे आणि आपल्या मुलांना कोरड्या हवेची सवय असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि मूल पाहता पाहता मलूल होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी किंवा शहाळे द्यावे. लांब बाह्यांचा पातळ सुती सदरा आणि कानांपर्यंत येणारी टोपी हवीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावू नये, त्याला सावलीतच ठेवावे.

पाण्याचा नियम घरी निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावा : मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि एका मुलामागे एक मोठा माणूस, तोही हाताच्या अंतरावर आणि समुद्राकडे तोंड करून. फोटो काढणारा माणूस राखण करणाऱ्यांत धरू नये. जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गढूळ दिसतो आहे, तो पट्टा सुरक्षित नसतो. तिथूनच पाणी वेगाने आत परतत असते. एकदा चिवल्यावर मुलगा त्याच्या बादलीमागे चार पावले पुढे गेला तेव्हा होडीला रंग देणाऱ्या एका आजोबांनी मला हाक मारली, "पानी उतारता हा, पोरांका पुढे सोडू नकात." मी त्या वेळी मुलाच्या अगदी मागेच होतो, तरीही त्या माणसाने काम थांबवून सांगितले. किनाऱ्यावरची माणसे असे काही सांगतात तेव्हा ते निमूटपणे ऐकावे.

एवढी बंधने घातल्यावर मुलांना समुद्राची मजा काय राहिली, असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात या वयाच्या मुलांना लाटांपेक्षा ओल्या वाळूत अधिक रस असतो. पाणी उतरले की इवल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती या गोळ्यांची जी नक्षी उमटते तिला आमची मुलगी रांगोळी म्हणायची. पावलांचा हादरा लागला की सगळ्या कुर्ल्या एका क्षणात बिळात जातात. उकिडवे बसून दोन मिनिटे न हलता थांबले की एक डोळा, मग एक नांगी, मग पूर्ण कुर्ली बाहेर येते. अडीच वर्षांची मुलगी त्या कुर्लीसाठी इतका वेळ न बोलता बसली, तेवढी ती घरी कधीही बसलेली नव्हती. मालवणात सकाळी रापण ओढली जात असेल तर तीही अवश्य दाखवावी. दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसे पावलापावलाने मागे सरकतात, जाळे किनाऱ्याला लागते आणि चमकणारी मासळी उडू लागते. फक्त मुलांना दोराच्या रेषेत उभे करू नये.

पाण्यात नेहमीचे डायपर फुगून जड होते, म्हणून ते काढून सुती चड्डी घालावी. वाळू निघत नसेल तर अंग कोरडे करून टाल्कम पावडर लावावी, हाताने पुसताच वाळू गळून पडते. जेलीफिश लागल्यास चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि सूज पसरत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर तत्काळ दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक मोठ्या मुलांनाही पाठ असावा. ओआरएसची पाकिटे, तापमापक आणि डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध बरोबर घ्यावे. पाकीट संपल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तेच काम भागवता येते.

जेवणाचा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा अवघड नाही. ज्या मुलांना पांढरा रस्सा आवडतो त्यांना बिनमिरचीची सोलकढी आणि घावन-रस सहज आवडतो. मासे द्यायचे तर सुरमईचा तुकडा द्यावा, कारण तिच्यात बारीक काटे कमी असतात. बांगडा मोठ्यांनी खावा. कोळंबी किंवा तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, मुलाने पूर्वी कधी खाल्ल्या नसतील, तर तो प्रयोग प्रवासात करू नये.

सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल तर पहिल्या होडीने जावे आणि मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये. मोठ्या मापाचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटते. मापाचे जॅकेट नाही म्हणून आम्ही एकदा जेटीवरून परत आलो आहोत. 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचे सारे बुरूज मुलांना दाखवण्याचा आग्रह धरू नये. चारी बाजूंना खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, एवढा एकच प्रश्न मुलांपुढे ठेवला तर त्यांचा तासभर आनंदात जातो. 1812 मध्ये इंग्रजांकडे जाण्यापूर्वी हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता, हे मोठ्या मुलाला सांगितल्यावर तो तटावरून जरा ऐटीत चालू लागला होता.

परतीच्या दिवशी सकाळचा समुद्र घ्यावा, मुलांना गोड्या पाण्याने न्हाऊ घालावे, लवकर जेवावे आणि एकच्या आत निघावे. पोटभर जेवून, खेळून दमलेली मुले घाटापर्यंत झोपतात आणि चढ त्यांच्या झोपेतच संपतो. ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधावेत, आणि शिंपले मोजकेच आणावेत. रिकामे आहेत ना, आत कुर्ली राहत नाही ना, हे मुलांकडूनच तपासून घ्यावे आणि राहत असेल तर त्यांच्याच हाताने तो शिंपला पाण्याकाठी परत ठेवायला लावावा.