मुलाचे डोपामिन स्कॅन: तयारी कशी करावी, अहवाल कसा वाचावा

सकाळी नीट चालणारे मूल दिवेलागणीला पाऊल आत वळवून लंगडू लागले आणि आत्याचेही असेच होत असे हे घरात कोणाला आठवले, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात. मूल अंगणात अनवाणी चालतानाच्या दोन चित्रफिती, एक झोपून उठल्यावरची व दुसरी संध्याकाळची; आणि तीन पिढ्यांची वंशावळ, जिच्यात नात्यातली लग्ने लपवलेली नसावीत.

निदानाबाबत शंका उरल्यास ट्रोडॅट स्पेक्ट ही तपासणी, म्हणजेच हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या डोपामिन या मेंदूतील रसायनाशी निगडित स्कॅन, सुचवली जाते. ती कोठे करायची हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि त्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणी जावे लागले तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचावे, कारण टोचायच्या औषधातील टेक्नेशियमची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते आणि उशिरा येणाऱ्यासाठी ते राखून ठेवता येत नाही. मिथाइलफेनिडेट, बुप्रोपिऑन यांसारखी औषधे चित्र बिघडवतात. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आधीच दाखवावी, मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नये. टोचल्यानंतर सुमारे चार तास थांबावे लागते आणि मग अर्धा तास डोके न हलवता पडून राहावे लागते. मूल लहान असेल तर गुंगीच्या औषधाबद्दल आधी बोलून घ्यावे.

निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा उजळ आकार दिसतो. डोपामिन वाहणाऱ्या मज्जातंतूंची टोके झडली की त्याची शेपटी आधी पुसट होते आणि पूर्णविरामासारखा ठिपका उरतो. पार्किन जनुकातील दोषामुळे तरुणपणी येणाऱ्या पार्किन्सनमध्ये असे दिसते. जपानी डॉक्टर मासाया सेगावा यांनी १९७०च्या दशकात वर्णिलेल्या डिस्टोनियात (स्नायू आपोआप आवळून अवयव वळण्याच्या विकारात) मात्र टोके शाबूत असतात, आणि बहुधा जीसीएच१ जनुकातील दोषामुळे डोपामिन बनवण्याची क्रियाच मंदावते, म्हणून चित्र स्वच्छ येते.

अहवालात ‘नॉर्मल’ वाचून मूल नाटक करते असा निष्कर्ष कोणीही काढू नये. तो त्या मुलावर मोठा अन्याय ठरेल. अशा वेळी लेव्होडोपाच्या (मेंदूत ज्याचे डोपामिन बनते त्या औषधाच्या) अल्प मात्रेची चाचणी आणि जनुकतपासणी यांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि अहवालाबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्यावी. शरीरात तांबे साठणाऱ्या विल्सनच्या आजारातही स्कॅन बिघडलेले दिसू शकते, आणि त्यावर उपचार असल्याने शरीरातील तांब्याची तपासणी टाळू नये.

पुढच्या भेटीला आत्यालाही न्यावे. सेगावाच्या आजारात कित्येक वर्षांनी सुरू केलेला लेव्होडोपाही गुण देतो.