शरीराच्या हालचालीतून वीज : इम्प्लांटचं मटेरियल पारखताना या चुका टाळा

प्रोजेक्टसाठी नॅनोजनरेटर (हालचालीतून थोडीशी वीज काढणारं बारीक उपकरण) निवडलेली सोलापुरातली मुलं भेटली की बहुतेक वेळा एकच बातमी सांगतात : "सर, पीव्हीडीएफच्या फिल्मवर बोट आपटलं की दहा-बारा व्होल्ट येतात!" पीव्हीडीएफ म्हणजे दाबलं-वाकवलं की वीज देणारं प्लॅस्टिक. आनंद खरा असतो, पण फिल्म शरीरात बसवायची असेल तर त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. हृदयाचे ठोके सेकंदाला एकाच्या आसपास पडतात, श्वास त्याहून सावकाश चालतो, आणि भोवती ३७ अंशांचं खारं पाणी असतं. पेसमेकरला वीज लागते दहा-वीस मायक्रोवॉटच्या घरात, पण ती वर्षानुवर्षं, एकदाही न थांबता. मटेरियल पारखायचं ते या अटींवर.

बोट आपटून व्होल्ट मोजणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. दोन बाय दोन सेंटिमीटरची, ५० मायक्रॉन जाडीची पीव्हीडीएफ फिल्म म्हणजे जेमतेम १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १ हर्ट्झला (सेकंदाला एक हालचाल) त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १६० मेगाओहमच्या आसपास जातो. डीएसओचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या डिजिटल ऑसिलोस्कोपचा) प्रोब मात्र १० मेगाओहमचा. त्यामुळे फिल्म सावकाश वाकवली की तयार झालेला चार्ज प्रोबमधूनच निसटून जातो. बोटाचा फटका काही मिलिसेकंदांत संपतो, म्हणून पडद्यावर तोच तेवढा उंच दिसतो. "सावकाश वाकवली तर फिल्म चालतच नाही" ही तक्रार इथूनच येते. फिल्म चालत असते, मोजणी चुकत असते. चार्ज अँप्लिफायर किंवा इलेक्ट्रोमीटर (चार्ज निसटू न देता मोजणारी उपकरणं) वापरा. मग वेगवेगळे रेझिस्टर लावून १ हर्ट्झवरची सरासरी पॉवर काढा. पीक व्होल्टेजवरून काढलेली पॉवर सरासरी म्हणून रिपोर्टात लिहू नका.

शिवाय त्या दहा व्होल्टमध्ये घर्षणाची वीज किती, हाही प्रश्न उरतोच. मे महिन्यात सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा सिग्नल भरघोस येतो. जुलैत पाऊस लागला की तोच नमुना एकदम थंडावतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये कोरड्या दिवसांत पॉलिस्टरचं सूत हाताला चिकटतं, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा पोलिंग (जोरदार विद्युत क्षेत्रात ठेवून फिल्म वीज देण्याजोगी करणं) न केलेली फिल्म घ्या, तेच इलेक्ट्रोड, तेच वेष्टन लावा आणि तसंच आपटून पाहा. तिच्यातूनही व्होल्ट आले तर ते पिझोचे, म्हणजे दाबातून तयार झालेले, नाहीत. वायरी उलट जोडल्यावर सिग्नलही उलटा झाला पाहिजे. झाला नाही, तर तो बहुधा ५० हर्ट्झचा गोंगाट किंवा केबलची हालचाल आहे.

फिल्म बरोबर मध्यभागी ठेवणं

नमुना देखणा दिसावा म्हणून फिल्मच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचं सिलिकॉन ओततात. असा थर वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि नेमक्या मधल्या पातळीवर काहीच होत नाही. फिल्म तिथेच बसलेली असते! तिच्या वरच्या अर्ध्या भागातला चार्ज खालच्या अर्ध्याला खोडून काढतो आणि डीएसओवर सरळ रेष दिसते. एका बाजूचा थर दुप्पट-तिप्पट जाड करा, फरक लगेच दिसेल.

शिशाकडे डोळेझाक

पीझेडटी हे दाबलं की वीज देणारं सिरॅमिक. ते वीज भरपूर देतं, पण त्याच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसं असतं. अमेरिकेत जनान दादेविरेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पीझेडटीच्या पातळ पट्ट्या लवचिक पॉलिमरमध्ये बंद करून गायी-मेंढ्यांच्या हृदयावर बसवून दाखवल्या, हे खरं. पण तसं वेष्टन कॉलेजच्या लॅबमध्ये जमणं अवघड. बेरियम टायटेनेट (शिसं नसलेलं सिरॅमिक) किंवा पीव्हीडीएफपासून सुरुवात करा. "लेड-फ्री" म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही समजू नका. पीव्हीडीएफ विरघळवायला वापरलेलं डीएमएफ हे द्रावक विषारी आहे आणि ते फिल्ममध्ये मागे राहतं, म्हणून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ती नीट वाळवायलाच हवी. पीएलएलए (वीज देणारं आणखी एक प्लॅस्टिक) वापरत असाल तर फिल्म बनवताना ती ज्या दिशेला ताणली, तिच्याशी ४५ अंशांत पट्टी कापा. सरळ कापलेली पट्टी ओढून जवळजवळ काहीच मिळत नाही.

पीडीएमएस म्हणजे वॉटरप्रूफ, हा समज

पीडीएमएस म्हणजे वेष्टनाला वापरतात ते सिलिकॉन रबर. त्यातून थेंब आत जात नाही, पण वाफ सहज जाते. आतून पॅरिलीन-सीचा (वाफ अडवणाऱ्या पातळ प्लॅस्टिकचा) थर द्या, आणि वायर बाहेर येते त्या जागेकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. नमुना ३७ अंशांच्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (शरीरातल्यासारख्या खाऱ्या पाण्यात) ठेवून एलसीआर मीटरवर रोज कपॅसिटन्स आणि टॅन डेल्टा (कपॅसिटरमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं प्रमाण) लिहून ठेवा. दोन्ही चढू लागले की पाणी आत पोचलंय, व्होल्टेज अजून ठीक दिसत असलं तरी.

ऑटोक्लेव्हमध्ये टाकणं

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंशांवर चालतो. पीव्हीडीएफचं पोलिंग ८० अंशांच्या पुढेच उतरू लागतं, आणि बेरियम टायटेनेटचं क्यूरी तापमान (ज्याच्या पुढे त्याचा वीज देण्याचा गुण जातो) १२० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे निर्जंतुक झालेला नमुना बाहेर येतो तो वीज न देणारा. कमी तापमानाची इथिलीन ऑक्साइड वायूची पद्धत निवडा आणि डी-३३ (दाबाला किती चार्ज मिळतो तो आकडा) आधी व नंतर, दोन्ही वेळा मोजा. हा वायूही फिल्ममध्ये मुरतो, त्यामुळे तो निघून जायला पूर्ण वेळ दिल्याशिवाय नमुना पेशींवरच्या चाचणीला पाठवू नका.